कडेचं दिसणं

नागुबाईला डॉक्टरणीपेक्षा त्या मशीनचाच जास्त राग आला होता. लातूरच्या दवाखान्यातलं ते मशीन तिच्या नवऱ्याच्या, मलप्पाच्या, डोळ्याच्या आतल्या नसेचा फोटो काढायचं. काचबिंदू कितपत पुढं सरकला ते त्यात कळतं म्हणे. पहिल्या फोटोत नसेभोवतीचा पट्टा हिरवा होता, दुसऱ्यात पिवळा. आज डॉक्टरणीनं तिसरा शेजारी ठेवला, तर तो लाल.

"थेंब रोज घालता ना?"

"रोज!" मलप्पाच्या आधी नागुबाईच बोलली. "दर म्हैन्याला रिकामी बाटली आणून दावतेत मला. तुमचं मशीनच बिघडलं असंल."

"मशीन ठीक आहे, मावशी. मग औषधच लागू पडत नाही म्हणायचं." डॉक्टरणीनं दुसरी, जास्त जोराची बाटली लिहून दिली. "या आजारात कडेचं दिसणं आधी जातं. समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आणि गेलेलं परत येत नाही."

नागुबाईचा नुसता तिळपापड झाला. टँकरच्या रांगेतली घागर शेजारणीच्या भरवशावर टाकून ती इथवर आली होती, ते हे ऐकायला?

परतताना उदगीरला गाडी अडकली. नव्या जिल्ह्यासाठी रस्ता रोको. "जिल्हा झाला की हेच मशीन हितं येतंय बघा," शेजारचा एकजण म्हणाला.

"तवर डोळे थांबतेत व्हय?" नागुबाई त्याच्यावरच खेकसली.

मलप्पा परस्पर चारा छावणीवर गेला. गावात वैरणीची काडी नव्हती, म्हणून चांद्या बैलाला घेऊन तो महिनोन्‌महिने तिथंच राहत होता. नवी बाटली मात्र तिच्या पिशवीतच राहिली. दुसऱ्या दिवशी धुसफुसत ती द्यायला निघाली.

मलप्पा चांद्यापाशी बसला होता. छावणीतल्या धुळीनं बैलाचे डोळे सारखे गळायचे. मलप्पानं बोटानं त्याची पापणी वर केली आणि आपल्या बाटलीतले थेंब आत सोडले. मग दुसऱ्या डोळ्यात.

"झालं, झालं. आता थंड वाटंल बघ," तो बैलाला म्हणाला.

नागुबाईच्या तोंडात शिव्या तयार होत्या. ती तरातरा जाऊन त्याच्या अगदी बाजूला, हातभर अंतरावर उभी राहिली. त्यानं मान वळवली नाही. तिनं त्याच्या डोळ्याच्या कडेशी हात हलवला. तरी तो बाटलीचं झाकण लावत राहिला.

"अवो," ती कशीबशी म्हणाली.

मलप्पा दचकला. "कवा आलीस गं?" त्यानं बाटली धोतरात दडवली. "त्याला लई तरास हुतो. मला कुठं काय दुखतंय?"

"कवाची हितंच उभी हाय मी. तुमच्या बाजूला."

तिला बघायला मलप्पानं सगळी मान वळवली. चांद्याचे डोळे अजून गळतच होते. रिकाम्या बाटल्या बघून खूश होणाऱ्या स्वतःचाच नागुबाईला संताप आला.

"मान वर करा," नवी बाटली उघडत ती म्हणाली.