दर मिनिटाला नक्कल

केदारनाथअप्पांना समाधी देऊन आठवडा उलटला नव्हता, तोच बँकेत त्यांच्या नावाने बोटं मोडणं सुरू झालं होतं.

बीडच्या त्या नागरी बँकेने वर्षापूर्वी आपल्या सगळ्या शाखा कॉम्प्युटरने जोडल्या होत्या. आष्टीत पैसे भरा, चौसाळ्यात काढा, अशा पाट्या गावोगाव लागल्या. ही सगळी ये-जा मुख्य कचेरीतल्या एका राऊटरमधून व्हायची, आणि तो राऊटर अप्पांच्या ताब्यात. उन्हाळा सरला तसा तो धापा टाकू लागला. कॉम्प्युटरचे पडदे गोठायचे, खिडकीवरची माणसं शिव्या घालायची. त्याच खोलीत, त्याच खुर्चीत अप्पा एका दुपारी गेले. राऊटर मात्र धापा टाकतच राहिला.

त्यांची मुलगी रुद्राणी पुण्यात एका कंपनीत हेच काम करायची. व्यवस्थापक विठ्ठलरावांनी तिला बोलावून घेतलं.

"आज चार वाजता शोकसभा आहे. तुझ्या आईला आणायला गाडी पाठवतो," ते म्हणाले. "पण बेटा, लाईन केदारनाथांमुळे बसली असेल, तर स्टेजवर त्यांचे गोडवे माझ्याने गायले जायचे नाहीत. समोर संचालक असतील. चूक कुणाची, ते आधी शोधून सांग."

चूक दुसऱ्या कुणाची तरी असणार, एवढ्या एका भरवशावर ती त्या खोलीत जाऊन बसली.

वीरेश तिथेच होता. ठेकेदाराचा माणूस, अप्पांच्या हाताखाली शिकलेला. समाधीच्या खड्ड्यात उतरून अप्पांना मांडी घालून त्यानेच बसवलं होतं. मान कलू नये म्हणून माती छातीपर्यंत येईतो हनुवटीखाली हात धरून राहिला होता. रुद्राणीला भाऊ नव्हता.

राऊटरचा प्रोसेसर अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होता.

"ताई, नक्कल घेऊन घेऊन दम लागलाय त्येला," वीरेश म्हणाला.

तिने पाहिलं, ते खरंच होतं. कोणती शाखा कोणत्या वाटेने जोडायची, ही राऊटरमधली सगळी मांडणी बिघाडाच्या वेळी हाताशी असावी म्हणून खोलीतला एक कॉम्प्युटर तिची नक्कल आपोआप मागवून घ्यायचा. मागणी आली की राऊटर हातातलं काम बाजूला सारून अथपासून इतिपर्यंत सगळं लिहून द्यायला बसायचा. दिवसातून एकदा हे खपून जातं. इथे दर मिनिटाला चाललं होतं. एक नक्कल पुरी होत नाही, तोच दुसरी मागणी दारात उभी.

"हे कुणी लावलं?"

"अप्पांनीच." वीरेशने मान खाली घातली. "वळवात चौसाळ्याचं यंत्र जळालं, तवा नक्कल न्हवती. साहेबांनी हॉलमधी समद्यांपुढं उभं केलतं त्येंना. लई धसका घेतला. आधी रोजची लावली, मग तासाची. लाईन हळू झाली की त्येंना वाटायचं, ह्ये बी जळणार आता. की नक्कल आणखी घाईघाईनं घ्यायला लावायचे. म्या म्हणलो, अप्पा, ह्येनंच हळू व्हायलंय. तर म्हणले, तुला उभं केलतं का रे हॉलमधी?"

रुद्राणी कीबोर्डकडे वळली. मांडणीत कुणी बदल केला तरच नक्कल घ्यायची, आणि रात्री बँक बंद झाल्यावर एकदा, असं तिने लावून दिलं. रोजची, तासाची, मिनिटाची, अप्पांनी एकावर एक रचलेली आणि कधीच न काढलेली कामं तिने एकेक करून पुसली. प्रत्येकापुढे त्यांचं नाव होतं. प्रोसेसरचा आकडा चाळिसावर आला, मग सहावर.

"आली! आली!" बाहेरून बंकट कारकून ओरडला. "अप्पा गेले न् लाईन आली बे!"

हॉल खदखदून हसला. ते हसू तोंडावर तसंच घेऊन विठ्ठलराव आत आले.

"काय निघालं?"

"बॅकअप गरजेपेक्षा फार वेळा चालत होता."

"लावला कुणी?"

खिडकीतून तिला गाडीतून उतरणारी आई दिसली.

"वीरेशने," रुद्राणी म्हणाली.

वीरेश आधी हसला. ताईची जीभ घसरली असं त्याला वाटलं. मग त्याचा चेहरा उतरला. "न्हाई साहेब! अप्पांनी लावलतं त्ये. विचारा ताईला."

"मेलेल्या माणसावर ढकलतोस? या हातांनी माती दिलीस ना त्यांना?"

"सापाला दूध पाजलं अप्पांनी," दारातून बंकट म्हणाला.

"ताई, बोला की. कावून गप हाय तुमी?"

अजूनही बोलता आलं असतं. पण अप्पांचं नाव असलेलं आता तिथे काहीच उरलं नव्हतं. पुसताना तिला वाटलं होतं, आपण फक्त काम करतोय.

"वीरेश, खोलीची किल्ली टेबलावर ठेव," ती म्हणाली.

त्याने ठेवली. विठ्ठलरावांनी ठेकेदाराला तिथूनच फोन लावला, आणि वीरेश दाराबाहेर पडण्याआधी त्याचं बँकेतलं काम संपलं.

शोकसभेत विठ्ठलराव भरभरून बोलले. असा जबाबदार माणूस पुन्हा होणे नाही, म्हणाले. संचालकांनी माना डोलावल्या. रुद्राणीच्या आईने, जगदेवीने, पदराने डोळे पुसले आणि लेकीच्या कानाशी लागली.

"वीरेश कुठं दिसंना गं? उपाशी असंल. त्येला म्हणावं, आपल्याकडं जेवून जा."

"त्याला दुसरीकडे काम निघालं," रुद्राणी म्हणाली, आणि शोकसभा असूनही टाळ्या सुरू झाल्या तशी तिनेही वाजवल्या.