टर्की तळायच्या दिवशी

हरणाचं धूड गॅरेजच्या तुळईला उलटं टांगलेलं होतं आणि खाली जमिनीवर रक्त काळं पडून गोठलं होतं. मार्लिसने त्याला वळसा घालून फळीवर ठेवलेली, कोंबडीच्या चौपट मोठी टर्की उचलली. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात तिच्या गावात कुठल्याही गॅरेजात हेच दिसतं: भावाने नाहीतर नवऱ्याने मारलेलं हरीण, आणि फ्रिजमध्ये न मावणारं सणाचं खाणं. थंडी फुकटची, मग फ्रिज कशाला अडवायचा? पण आदल्या रात्री पारा फारच उतरला होता. टर्कीच्या पोटात दुकानातूनच भरून येणारी काळीज-कलेजीची पिशवी काढायला तिने हात घातला, तर पिशवी हलेना. आत कण्याला धरून बर्फाचा गोळा बसला होता.

शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला उकळत्या तेलात बर्फ पडला की काय होतं, हे विचारावं लागत नाही. एरवी तिने टर्की सरळ गार पाण्यात बुडवली असती आणि जेवण लांबलं म्हणून पाहुण्यांची माफी मागितली असती. पण तासाभरापूर्वी स्वयंपाकघरात तिने मुलीचा हात पाहिला होता.

सोमवारपासून ती घर घासत होती. खिडक्या झाल्या, पडदे झाले, पाहुण्यांच्या गाद्या ऊन नसल्याने शेगडीजवळ वाळवून झाल्या. कंबर मोडून आली होती, पण मन खूश होतं, कारण सोल्वे बऱ्याच वर्षांनी सणाला घरी आली होती. सकाळी वरच्या फळीवरचं भांडं काढायला सोल्वेने हात उंचावला आणि बाही घसरली. दंडावर बोटांचे वळ होते. काही पिवळे पडलेले, काही निळे. पिवळे जुने. निळे याच घरातले, कालचे.

सोल्वेने बाही ओढली. मार्लिसने विचारलं, नाताळपर्यंत राहतेस का, मला हाताखाली कुणीतरी हवं आहे. नवऱ्याला, ट्रेंटला, विचारावं लागेल, असं सोल्वे म्हणाली. मग दोघींनी बटाटे सोलले. तिच्या गावच्या लोकांत सणाच्या दिवशी वाईट गोष्ट कुणी तोंडातून काढत नाही. रविवारी सोल्वे पुन्हा त्याच्या गाडीत बसणार, एवढंच मार्लिसच्या डोक्यात घणासारखं पडत होतं.

म्हणून टर्की घेऊन ती बाहेर आली आणि काही न बोलता जावयाच्या हातात दिली.

गॅरेजच्या तोंडाशी ट्रेंटने गॅसच्या चुलीवर मोठा टोप चढवला होता. तेल धुरावत होतं. ओव्हनमधली टर्की म्हणजे ओला पुठ्ठा, आज सासूबाईंना खरी टर्की खायला घालतो, असं तो सकाळपासून ऐकवत होता. हातात बिअर होती, त्यामुळे त्याने टर्की आकड्याला अडकवून आकडा शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या बायकोकडे दिला.

"सोड खाली. हळू. एवढं तरी जमेल ना तुला?"

मार्लिस तोवर घराच्या दाराशी पोचली होती. वळून पाहिलं तर सोल्वे टोपावर वाकलेली, केस मोकळे, तोंड तेलाच्या वर. मार्लिस धावली. मुलीचा कोट मागून धरून तिने असा हिसका दिला की दोघी अंगणातल्या बर्फात आडव्या झाल्या आणि टर्की घरंगळत गाडीच्या चाकाशी गेली.

"आत बर्फ आहे," ती धापा टाकत म्हणाली. "पेटेल."

ट्रेंटने आधी बिअर खाली ठेवली. मग सोल्वेचा दंड त्याच निळ्या वळांवर धरून तिला उभं केलं आणि कानाखाली वाजवली. मार्लिस मध्ये पडली तर तिला छातीवर हात देऊन ढकललं. तिचं डोकं गॅरेजच्या चौकटीवर आपटलं आणि तोंडात रक्ताची चव आली.

"दोघी मिळून माझी अक्कल काढता?" तो म्हणाला. "बघा आता."

त्याने टर्की उचलली आणि वरूनच सोडली.

तेल आधी गुरगुरलं. मग टोपातून एक पांढरा खांब उठला, काठावरून चुलीवर सांडला आणि सगळं एकदम पेटलं. ट्रेंटची बाही पेटली. तो ओरडत गॅरेजमध्येच पळाला, हरणावर आदळला, पडला. मार्लिसने भिंतीवरची आग विझवायची टाकी ओढली, फवारा आधी त्याच्यावर मारला, मग चुलीवर.

तो बाहेर बर्फात बसून कण्हत होता. हाताची कातडी हातमोज्यासारखी सुटली होती. सोल्वेने फोन केला आणि आईशेजारी येऊन उभी राहिली. तिच्या गालावर पाच बोटं उमटली होती.

"बर्फाचं तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"आणि माझ्या हाताचं?"

"तेही सकाळीच."

सोल्वे तिच्याकडे वळली. "आणि तू बटाटे सोललेस."

मार्लिसने वाकून चुलीचा गॅस बंद केला.

अॅम्ब्युलन्सच्या मागोमाग हार्लनची गाडी आली. तो मार्लिसचा धाकटा भाऊ, हरीण त्याचंच. त्याची बायको भोपळ्याच्या गोड पक्वान्नाचं ताट मांडीवर घेऊन बसली होती. हार्लनने जळका टोप पाहिला, ट्रेंटला पाहिलं, भाचीचा गाल पाहिला आणि बहिणीला विचारलं, कॉफी गरम आहे का?

अॅम्ब्युलन्सवाल्याने बायको कोण म्हणून विचारलं आणि दार धरून ठेवलं. सोल्वेचा एक पाय सवयीने पायरीवर गेला.

"हार्लन," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज वर्गात लागायचा तसा लागला, मागच्या बाकापर्यंत. "तो हिला मारतो. काल माझ्या घरात मारलं. आत्ता मारलं. आणि मी टर्कीत बर्फ आहे हे माहीत असून ती त्याच्या हातात दिली."

हार्लनने टोपी काढली. अॅम्ब्युलन्समधून ट्रेंट बायकोला हाक मारत होता, आधी दरडावून, मग रडत.

सोल्वेने पाय खाली घेतला.

"तुम्ही जा," ती अॅम्ब्युलन्सवाल्याला म्हणाली. तिने आईकडे पाहिलं नाही, पण गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत जागची हललीही नाही.