फळ्यांखालचा बर्फ

ग्रेनाईट बे या आमच्या उत्तरेकडच्या गावात बास्केटबॉल खेळायला माणूस सहसा येत नाही, आणि आलेला टिकत नाही. आमच्या 'लून्स' संघाचा व्यवस्थापक आर्वो लाक्सोनेन हे कधी कबूल करायचा नाही. फोनवर अमेरिकेतल्या पोरांना तो आमच्या गावाचं असं वर्णन करायचा की मलाच तिथे राहायला जावंसं वाटे. तळं सांगायचा, मासे सांगायचा, सॉना सांगायचा. जानेवारी महिन्याचं नाव मात्र त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

जे येत त्यांना आम्ही आमच्या रीतीनं ठेवायचो. आमची रीत म्हणजे हॉकीची, बर्फावरच्या हॉकीची. बाहेरगावचं हॉकीचं पोर आलं की ते कुणाच्या तरी घरी राहतं, त्या घरातली बाई त्याची आई होते, त्याला अभ्यासाला बसवते, वेळेवर झोपवते. कोवळ्या पोरांना हे मानवतं. लुइझियानाहून आलेला ट्रेव्हॉन ब्रुसार मात्र दोन लेकरांचा बाप होता, आणि त्याला आम्ही मिर्या हेकिनेनच्या तळघरात ठेवलं होतं. ताटात गाजर उरलं तर मिर्या त्याला उठू देत नसे.

माझं हार्डवेअरचं दुकान अरीनासमोर, म्हणजे गावच्या खेळाच्या हॉलसमोरच आहे. ट्रेव्हॉन तिथे येऊन गाऱ्हाणं सांगायचा.

"माझी बायको मला एवढं बोलत नाही."

"मग आर्वोकडे वेगळी खोली माग ना."

"मागितली. तो म्हणाला, अरे वेड्या, मिर्याच्या हातचे मीटबॉल मिळावेत म्हणून इथली हॉकीची पोरं भांडतात. आता ह्यावर मी काय बोलू? मीटबॉल खरंच चांगले असतात."

असा एकूण कारभार. बाहेरचे हंगाम संपायच्या आत सामान बांधत, आणि गावातलं कुणी तयार होत नसे, कारण गावातल्या प्रत्येक उंच पोराच्या हातात चौथ्या वर्षीच हॉकीची काठी दिलेली. शेवटी संघाचा मालक वैतागला. लाकडाच्या वखारीचा माणूस. जे खपत नाही ते तो अंगणात ठेवत नाही. त्यानं आर्वोला स्पष्ट सांगितलं, "पुढच्या मोसमात गावचा एक तरी खेळाडू संघात दिसू दे. नाहीतर मी संघ दक्षिणेकडच्या लोकांना देऊन टाकतो."

गावाकडे असं नाव एकच होतं, क्रिस्पँ म्बुयी. दारातून वाकूनच आत येणारा. इथेच वाढला, शाळेत असतानाच अमेरिकेला गेला, तिथे कॉलेजात नावारूपाला आला. आता कॉलेज संपलं होतं आणि पोलंडचा एक संघ त्याला बोलावत होता. त्याची आई ओडेटबाई आमच्या वृद्धाश्रमात काम करते. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तिच्याच हातची अंघोळ आणि तिच्याच हातचा घास. आर्वोचा बापही तिथेच होता.

अडचण एकच होती. अमेरिकेतल्या एका मुलाखतीत क्रिस्पँ हसत हसत म्हणाला होता, "आमच्या गावात मी हातमोजे घालून बास्केट मारायचो." मुलाखत घेणारा खो खो हसला. आम्हाला मात्र ते वाक्य फार झोंबलं. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, नगरपालिकेच्या बैठकीत, सगळीकडे तेच. आर्वोनं तर ते मनालाच लावून घेतलं. पोरगा आपल्याला हातमोज्यांमुळे सोडून गेला, असा त्यानं हिशेब मांडून टाकला.

फेब्रुवारीत क्रिस्पँ आईला भेटायला आला. आर्वोनं दोघांना शनिवारच्या सामन्याला बोलावलं. सामन्यानंतर कॉफी, आणि कॉफीबरोबर करार.

आता आमचं मैदान कसलं ते सांगतो. खाली हॉकीचा बर्फ, त्यावर जाड पत्रे, पत्र्यांवर लाकडी फळ्या. बर्फ काढायचा विषयच नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्यांची हॉकी असते आणि त्यांच्या आयांशी भांडण्याची कुणाची छाती नाही. म्हणून सामन्याला हॉल गार ठेवतात आणि लोक पांघरुणं घेऊन बसतात. हॉल गरम केला की उबदार हवा त्या गार फळ्यांना लागते आणि फळ्यांना पाणी सुटतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आर्वोनं तर तरुणपणी तिथेच बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवलंय.

तरी शनिवारी दुपारपासून त्यानं हॉलचे सगळे हीटर लावले.

मी त्याला गाठलं. "आर्वो, फळ्या रडतील."

"दोन तासांचा तर प्रश्न आहे."

"दोन तास पुरतात त्यांना."

"तो पोरगा इथे कोट काढून बसला पाहिजे. आईसकट. बस्स. काय म्हणाला होता तो, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग गप दुकानात जा आणि बर्फावर टाकायचं मीठ विक."

संध्याकाळी हॉलमध्ये शिरलो तर काय ऊब! लोकांनी कोट काढले, स्वेटर काढले. शेजारी बसणारा योर्मा कोटाखाली काय घालतो हे मला कित्येक वर्षांत प्रथमच कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं. ओडेटबाई आल्या, कोट काढून त्याची नीट घडी मांडीवर ठेवून बसल्या. क्रिस्पँनंही जाकीट काढलं. आर्वोनं मैदानापलीकडून माझ्याकडे असं पाहिलं की जणू सामना जिंकलाच.

दुसऱ्या सत्रात ट्रेव्हॉन चेंडू घेऊन धावत आला, थांबला, पण त्याचे पाय काही थांबले नाहीत. बसल्या बसल्याच तो बास्केटखाली पोचला. लोक हसले. मग पाहुण्यांचा एक गडी तसाच गेला. मग पंच स्वतःच घसरला, आणि हसणं बंद झालं.

पंचानं फळीवर तळहात ठेवला आणि उलटा करून सगळ्यांना दाखवला. ओला.

"ट्रेव्हॉन, स्केट्स घाल रे!" वरून कुणीतरी ओरडलं.

पाहुण्यांचा प्रशिक्षक हात कमरेवर ठेवून उभा होता. "अहो, आधी सांगायचं ना. आम्ही पोहायचे कपडे आणले असते."

मग टॉवेल आले. हॉकीच्या आया उतरल्या, मिर्या उतरली, मीही उतरलो. आर्वो चांगल्या सुटात गुडघ्यांवर बसून पुसत होता, आणि पुसत पुसत नेमका पहिल्या रांगेशी, क्रिस्पँच्या बुटांशी पोचला. त्यानं मान वर केली नाही. आम्ही पुसायचो आणि मागे वळून पाहावं तर फळी पुन्हा ओली. त्या वेळी मला मैदानाची नाही, माणसांची लाज वाटत होती. सगळे आपापल्या टॉवेलकडेच बघत होते.

"पाऊण तासात सुकलं तर ठीक," पंच म्हणाला. "नाहीतर सामना रद्द."

उपाय एकच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता. पण सांगणार कोण? शेवटी आर्वोच उठला. हीटर बंद करवले, बर्फाच्या यंत्राचा मोठा दरवाजा आहे तिकडे गेला आणि तो स्वतःच्या हातानं वर ओढला.

बाहेरची थंडी पांढऱ्या धुरासारखी फळ्यांवरून सरपटत आत आली. लोकांनी मुकाट्यानं स्वेटर चढवले, कोट चढवले, कानटोप्या ओढल्या. ओडेटबाईंनी कोटाची घडी मोडली. आणि क्रिस्पँनं जाकिटाच्या खिशातून हातमोजे काढले, आणि एक एक बोट सरळ करत घातले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक माणूस हसला नाही. आर्वो दरवाज्याशी उभा राहून ते बघत होता.

फळ्या सुकल्या. सामना झाला. हरलो.

त्यानंतर आर्वोच्या खोलीत कॉफी. मला त्यानं जबरदस्तीनं नेलं. एकट्यानं नकार ऐकायची हिंमत नव्हती. टेबलावर बटर टार्ट होते, त्यांना कुणी हात लावला नाही.

"क्रिस्पँ," आर्वोनं सुरुवात केली, "आजच्या थंडीबद्दल मी खरोखर..."

"मी पोलंडला जातोय, आर्वो."

"नवीन हीटर बसवायचं चाललंय. हातमोज्यांचं तू म्हणाला होतास, ते आम्ही मनावर घेतलंय."

क्रिस्पँ आधी हसला, मग त्याला दिसलं की हा गंभीर आहे. "ते मी गमतीत म्हणालो होतो हो. पोलंडमध्ये काय उकाडा असतो?"

"मग? मग कशासाठी गेलास?"

क्रिस्पँनं खांदे उडवले. उत्तर ओडेटबाईंनी दिलं. आवाज चढवला नाही. वृद्धाश्रमात एखाद्या हट्टी म्हाताऱ्याला औषध घ्यायला लावावं तसं त्या बोलल्या.

"ह्याच्याच वर्गातला कोस्किनेनचा मुलगा हॉकीसाठी गेला, तेव्हा ह्याच अरीनासमोर केक कापलात. बँड होता. सगळ्यांनी सह्या केलेली काठी दिलीत. रडलात सुद्धा, आर्वो, मी पाहिलंय. पुढच्याच आठवड्यात हा गेला. बस सुटली तेव्हा मी एकटी होते."

"आम्हाला कळलं असतं तर..."

"मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही वडिलांना भेटायला आला होतात. मी म्हटलं, क्रिस्पँ जातोय. तुम्ही म्हणालात, छान झालं, तिकडे थंडी तरी कमी असेल."

आर्वो कॉफीचा कप बशीत फिरवत राहिला.

"कुणी एकानं तरी 'थांब' म्हणायला हवं होतं," ओडेटबाई म्हणाल्या. "तो थांबला नसता. पण म्हणायला हवं होतं."

घरी जाताना माझ्या डोक्यात तोच जमाखर्च चालला होता. थंडीची लाज मोठी सोयीची असते. ती आकाशातून पडते, कुणाच्या नावे टाकावी लागत नाही, आणि सगळ्यांना सारखी वाटून घेता येते. म्हणून तर आम्ही सगळ्यांनी मिळून ती इतक्या हौसेनं वाटून घेतली होती.

मालकानं शब्द पाळला. मार्चमध्ये संघ दक्षिणेकडे विकल्याची बातमी आली. आर्वोनं खोलीतलं सामान एका खोक्यात भरलं. ट्रेव्हॉनला नव्या गावात स्वतंत्र खोली मिळणार होती, तर तो मिर्याला विचारत होता, मीटबॉल पोस्टानं येतात का?

क्रिस्पँचं विमान होतं त्या दिवशी आर्वो विमानतळावर केक घेऊन आला. आता त्याच्याकडे संघ नव्हता, करार नव्हता, मागायला काहीच नव्हतं. बरोबर ट्रेव्हॉन, मिर्या आणि मी. बँड कुणाला सुचला नव्हता, आणि सुचला असता तरी कुणी आलं नसतं. संघातल्या पोरांनी सह्या केलेला एक चेंडू ट्रेव्हॉनच्या काखेत होता. सुरी आणायची कुणाला आठवण नव्हती, आणि विमानतळावर कुणी दिलीही नसती. कॉफीच्या दुकानातला प्लास्टिकचा चमचा पहिल्याच फटक्यात मोडला. शेवटी मिर्यानं हातानंच तुकडे केले.

क्रिस्पँनं उभ्याउभ्या एक तुकडा खाल्ला. "छान आहे," म्हणाला. चेंडू घेतला, सह्या वाचल्या. मी कागदी ताटलीतल्या क्रीमकडे बघत बसलो.

"थांब," आर्वो एकदम म्हणाला.

"आर्वो, विमान लागलंय."

"माहीत आहे. तरी म्हणतोय."

क्रिस्पँनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आईला मिठी मारली आणि वाकून तपासणीच्या दारातून आत गेला. तो दिसेनासा होईपर्यंत ओडेटबाई उभ्या होत्या. मग त्यांना घरी कोण सोडणार, यावर आम्ही सगळेच एकदम बोललो.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "तेव्हाही मी बसनंच घरी गेले होते."

उरलेल्या केकचं खोकं त्यांनी आर्वोच्या हातात दिलं आणि कोटाची बटणं लावत बसथांब्याकडे निघाल्या. आर्वो खोकं धरून दारात उभा राहिला. बाहेर त्याची गाडी चालूच होती. ओडेटबाई बसतील म्हणून त्यानं हीटर आधीपासून लावून ठेवला होता.