माझ्या अंगावरची रेघ

मित्रांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुम्ही एका खोलीत बसला आहात. तुम्हाला सगळे दिसते, सगळे ऐकू येते. समोर एका लहान मुलाच्या पायाला जखम होते आहे, आणि ती का होते हे त्या घरात फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. पण तुम्हाला तोंड नाही. खुणेने सांगावे तर हात नाहीत. डोळे मिचकावावे तर पापण्या नाहीत. कसा जीव घुसमटेल तुमचा? तसाच माझा घुसमटत होता.

मी एक जुना काळा दगड आहे. चामड्याचे काम करणाऱ्याच्या बाकावर बसवलेली सपाट लादी.

जन्मतः मी काही सपाट नव्हतो. खाणीतून निघालो तेव्हा अंगावर टेंगळेच टेंगळे होती. पाथरवटाने तासताना माझा एक कोपरा उडाला आणि त्याने मला भिंतीशी टाकून दिले. तिथून मला उचलले ते चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे करणाऱ्या एका कारागिराने. या गोष्टीतल्या मुलांचे ते आजोबा. त्यांनी माझ्यासारखेच आणखी दोन दगड मागितले.

पाथरवट हसला. "एका बाकाला तीन दगड? उरलेले काय डोक्यात घालणार?"

"डोकं आधीच भरलंय," आजोबा म्हणाले. "तू हे गाडीवर चढव."

तीन दगड का, ते ऐका. दोन दगड एकमेकांवर घासले, तर हळूहळू एक फुगतो आणि दुसरा खोलगट होतो. दोघे एकमेकांत छान बसतात, म्हणून दोघांनाही वाटते की आपण अगदी सपाट. तिसरा मध्ये आला की दोघांचेही बिंग फुटते. आजोबांनी आम्हाला आळीपाळीने एकमेकांवर घासले. मध्ये ओली वाळू, आधी जाड, मग बारीक, शेवटी पिठासारखी भुकटी. माझा चिखल झाला, मित्रांनो! रोज वाटे, आता उरतो की संपतो. मग त्यांनी माझ्या कडा गोल केल्या, म्हणजे चामडे कडेवर कापले जाऊ नये. खाली जाड लोकरीचा नमदा चिकटवला, म्हणजे मोगरीचा, त्या लाकडी हातोड्याचा, घाव बसला तरी मी उडू नये. बाकीच्या दोघांपैकी एक पाण्याच्या पिंपाखाली गेला, एक मागच्या दाराची पायरी झाला. बाकावर मी बसलो.

"या दगडावर ठोकायचं, तासायचं," आजोबांनी आपल्या मुलाला बजावले. "कापायचं मात्र लाकडाच्या फळीवर. दगडावर रापी ओढलीस तर हात तोडीन."

रापी म्हणजे चामडे कापायची रुंद पात्याची सुरी. मी दिसायला काळा कुळकुळीत असलो तरी जातीने मऊ आहे. पोलादाची धार मला सोसत नाही.

पुष्कळ वर्षे चांगली गेली. गिऱ्हाईक माझ्यावरून तळहात फिरवून म्हणत, "आरसा आहे हो!" आजोबा गेले आणि त्यांचा मुलगा माझा मालक झाला. त्याला दोन मुले. थोरली टिटवी, कारण तिची बडबड कधी थांबत नसे. धाकटा भोवरा, कारण तो चालायला शिकला तोच मुळी गरगर फिरत. पुढे त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण एका पायातले बळ घेऊन गेला. मग त्याला कॅलिपर आला. कॅलिपर म्हणजे पायाला उभे धरणाऱ्या पोलादी पट्ट्या. पोलाद नडगीला लागू नये म्हणून मध्ये चामड्याची मऊ गादी लागते. ती गादी मुलांचे बाबा, म्हणजे माझे मालक, स्वतः करत, माझ्यावर.

एका दुपारी शाळेतून निरोप आला. भोवऱ्याच्या कॅलिपरचा पट्टा तुटला होता आणि पोरगा शाळेच्या जिन्यात बसून होता. बाबांना काही सुचेना. फळी हाताशी नव्हती. त्यांनी चामडे माझ्यावर टाकले आणि रापी ओढली. एकदाच. पट्टा घेऊन ते धावले. माझ्या अंगावर मागे राहिली एक रेघ, केसासारखी बारीक.

ती घाई मायेची होती. म्हणून तर मला रागही धरता येईना.

गादीचे चामडे पातळ करताना ते ओले करून गुळगुळीत बाजू माझ्यावर ठेवतात आणि पाठीकडून रापीने तासतात. दाबाने ओले चामडे त्या रेघेत शिरले. माझ्यावर जी खाच होती, ती गादीवर उलटी उमटली, उंच, दोऱ्यासारखी. घामाने भिजून आणि वाळून तो दोरा कडक झाला. भोवऱ्याच्या नडगीवर लाल ओरखडा उठला, मग जखम झाली.

बाबांनी नवी गादी केली. जखम तिथेच. त्यांनी कातडे बदलले, खळ बदलली, दोरा बदलला. सगळे बदलले, मला सोडून. मी वडिलांच्या हातचा दगड! माझ्यावर कोण संशय घेणार?

"लोकांच्या पिशव्यांना नक्षी आणि पोराच्या पायाला काटे!" आई एकदा म्हणाली.

"मी काय मुद्दाम करतोय? जरा पाय नीट धुवत जा त्याचे."

"दगडाशी बोलणं सोपं आहे तुमच्यापेक्षा," आई म्हणाली. आणि मी, तो दगड, आतल्या आत ओरडत होतो.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले. जखम आता जेमतेम भरली आहे. पुन्हा उघडली तर कॅलिपर काढून ठेवावा लागेल. काढला तर पाय आखडेल, आणि मग हा मुलगा उभा राहील याची खात्री नाही.

घरात मऊ कातड्याचा एकच तुकडा उरला होता. बाबांनी तो भिजत घातला आणि ते अंगणात रापीला धार लावू लागले. मित्रांनो, ती धार माझ्या कानांत घुसत होती. आता हाच तुकडा माझ्यावर येणार, रेघ त्यावर उमटणार, आणि मी नुसता बघत बसणार! त्या दिवशी मला वाटले, फुटून जावे. दुसरे माझ्या हातात होते तरी काय?

टिटवीने जुनी गादी रक्त काढायला धुतली आणि पिळून माझ्यावर पसरली. तिने ती बाजूला सरकवून पाहिली, तर ती अडली. तिने पुन्हा ढकलली. पुन्हा अडली. तिने गादी उचलून त्या कडक दोऱ्यावरून बोट फिरवले. मग माझ्यावर फिरवले.

"बाबा! दगडावर रेघ आहे!"

बाबा आत आले. "वेडी आहेस का? मी उभ्या जन्मात या दगडावर रापी ओढली नाही. काळ्या दगडावरची रेघ समज!"

"तीच तर दाखवतेय, बाबा."

त्यांनी बोट फिरवले. त्यांना काहीच लागले नाही. वर्षानुवर्षे आरी आणि रापी धरून त्यांची बोटे जाड झाली होती. टिटवीने त्यांचा हात उलटा केला आणि मनगटाची आतली नाजूक बाजू माझ्यावरून ओढली. बाबा थबकले. "त्या दिवशी... शाळेचा जिना..." एवढेच पुटपुटले आणि खाली बसले. आईच्या ओठांवर टोमणा आला होता. तो तिने गिळला आणि वाळू चाळायला घेतली.

बाबांनी घाईघाईने पिंपाखालचा दगड ओढला आणि मला त्यावर घासू लागले.

"बाबा, पायरीचा राहिला," टिटवी म्हणाली. "आजोबा तीन म्हणायचे. पुन्हा घाई नको."

पायरी उकरली. सगळे घर राबले. भोवरा खुर्चीत बसून पाणी घालत होता. "दगडाला आंघोळ, आणि मला नाही!" म्हणून खूश होता. माझ्या अंगाची साल निघत होती, पण इतके सुखाचे घाव मी कधी सोसले नव्हते. टिटवीचे मनगट कुठेच अडेना, तेव्हा कुठे बाबांनी तो शेवटचा तुकडा माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, वस्तू बोलत नाहीत. घरची सुरी, शाळेचा बाक, पायातला बूट, कुणीच बोलत नाही. म्हणून त्यांच्यावरून मधूनमधून हात फिरवत जा. जिथे हात अडेल, तिथे थांबा.

गादी वाळली. बाबा ती कॅलिपरला लावणार, तोच भोवऱ्याने पाय मागे घेतला. तो रडला नाही. फक्त म्हणाला, "आज नको."

मग टिटवीने बाबांच्या हातातून गादी घेतली, आपल्या नडगीवर ठेवली, वर कॅलिपरची पोलादी पट्टी लावून पट्टा घट्ट आवळला, आणि ती गल्लीत चालायला गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. नेहमी बडबडणारी पोर, पण तोंडातून शब्द नाही. घाम आला तरी ती थांबली नाही. भोवरा खिडकीतून बघत होता. सावल्या लांब झाल्या तेव्हा ती परत आली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली, आणि नडगीवर ओरखडा उठला की नाही हे त्याने स्वतः सोडून बघावे म्हणून तिने पट्ट्याचे टोक त्याच्या हातात दिले.