मशीनवर न बसणारा शिंपी

“धाकट्याला पोरीजवळ फिरकू देऊ नकोस,” नणंद फोनवर म्हणाली होती. “त्याला लहानपणी गालगुंड झालेलं नाही. मोठेपणी पुरुषाला झालं की ते खाली उतरतं.”

“जिन्याने की लिफ्टने, वन्सं?” ती हसली होती. शिकली-सवरलेली बाई, तिला वाटलं, जुन्या बायकांची आपली भीती. तिकडे गाल फुगलेल्या पुतणीला मांडीवर घेऊन, तिच्याच कपातलं उरलेलं दूध संपवत तोच धाकटा काका म्हणत होता, “आमची भोपळी गं ती!”

मग त्याचे गाल सुजले. ताप आला, उतरला, गालही बसले. सगळ्यांनी हुश्श केलं. तो पुन्हा पुढच्या खोलीतल्या आपल्या शिलाईच्या दुकानात जाऊन उभा राहिला.

उभाच राहिला. तेच तिच्या डोळ्यांत सलू लागलं. कापलेल्या बाह्या आणि कॉलरींचा ढीग वाढत होता, मशीन मात्र गप्प.

“भाऊजी, आज अख्ख्या गल्लीचे कपडे बेतताय की काय?”

“गिऱ्हाइकं घाई करतात, वहिनी.” त्याने मान वर केली नाही. कपाळावर घाम डवरला होता.

तेवढ्यात पोर धावत येऊन त्याच्या पायांना बिलगली. कात्री हातातून सुटली. तो भिंतीला टेकला, चेहरा पांढराफटक. “दूर हो!” आजवर कधी तो तिच्यावर ओरडला नव्हता. पोरीने भोकाड पसरलं, आणि तो लंगडत आत गेला.

तिचा नवरा फिरतीवर, जाऊ माहेरी. दिराला असलं वहिनीने कसं विचारायचं? पण तिला आपला तो विनोद आठवला. आणि आठवली ती झबली. स्वतःचं लग्न झाल्यापासून उरल्यासुरल्या कापडातून तो शिवून ठेवायचा, कुणी पाहिलं की म्हणायचा, “बाहुलीचं आहे.”

दाराला कडी होती. ती बाहेर उभी राहिली, तोंड भिंतीकडे केलं, तेव्हा कुठे जीभ वळली.

“भाऊजी, खाली सुजलंय ना?”

आतून आवाज आला, “जा ना, वहिनी.”

“लाजत बसलात तर वन्संना बोलावीन. त्या रस्त्यावरूनच ओरडून विचारतील.”

कडी निघाली.

“सूज एकाच बाजूच्या अंडकोषाला आहे,” डॉक्टर म्हणाले. “गालगुंडाच्याच विषाणूची. पडून राहा, गोळ्या घ्या. बहुतेकांना पुढे मुलं होतात. तुमच्यावर किती परिणाम झाला, ते काही महिन्यांनी तपासल्यावरच कळेल. आज छातीठोक कुणी सांगू शकणार नाही.”

परतताना तो म्हणाला, “ती झबली... असू देत ना, वहिनी?”

“असू देत.”

तपासणी अजून व्हायची आहे. भाजी चिरता चिरता ती पुढच्या खोलीकडे कान लावते. मशीन अजून गप्पच आहे.

तुमच्या घरात गालगुंडातून नुकताच उठलेला कुणी भाऊ, दीर, भाचा असेल आणि बसायचं टाळत असेल, तर तो सांगेल म्हणून वाट पाहू नका. लाज वाटली तर तोंड भिंतीकडे करा. पण आजच्या आज त्याच्या दाराशी जाऊन विचारा.