स्वयंपाकघरातलं शिसं

ओतारी आधी खेळण्यातले सैनिक ओतायचा. टेबलावर नकाशे पसरून जुन्या लढाया खेळणारे हौशी लोक हे त्याचं गिऱ्हाईक. त्यांतल्या एका शाळामास्तरानं नवंच खूळ काढलं. अख्खं सैन्य नको, प्रत्येकाचा एकच वीर. दाराआड काय आहे ते मास्तर सांगणार, आत शिरायचं की पळायचं ते खेळणारा ठरवणार. वीर वाचला तर पुढच्या रविवारी तोच पुढे चालणार. त्यासाठी मास्तराला एक जादूगार हवा होता.

ओतारणीचा हात बारीक कामाला बसलेला. तिनं मेणातून असा म्हातारा जादूगार काढला की मास्तर बघतच राहिला.

खेळ वणव्यासारखा पसरला. राक्षस, सांगाडे, बुटके पुरवता पुरवता नवराबायकोच्या नाकी नऊ आले. स्वयंपाकघरातल्याच शेगडीवर शिसं वितळायचं, ओट्यावरच कानशीनं कडा घासायच्या. त्यांची पोर रांगती, दात येत होते. किरकिर करू लागली की ओतारीण तिच्या हातात एखादा बुटका द्यायची. तो चघळत ती गप्प बसायची.

पुढे पोर पोट धरून रडू लागली. सासू म्हणाली, दातांचं आहे, निभेल. मग शिकलेले शब्दही ती विसरली आणि झटके आले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात काम काय करता? ओतारणीनं कौतुकानं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. शिसं विषारी असतं, त्या म्हणाल्या, पोरीच्या अंगात भिनलंय.

पोर दवाखान्यातून परत आली नाही.

मास्तर भेटायला आला. बराच वेळ मान खाली घालून बसला. निघताना चाचरत म्हणाला, खेळाचा मेळावा तोंडावर आलाय, तेवढे सांगाडे झाले असते तर. ओतारणीला वाटलं, नवरा त्याला हाकलून देईल. नवरा म्हणाला, बघतो.

"काय बघणार आहात?" मास्तर गेल्यावर तिनं विचारलं.

"परसात शेड घालतो. घरात शिशाचा कण आणणार नाही. हात रिकामे राहिले तर वेड लागेल मला."

"तिच्या हातात मी दिला होता तो बुटका. तुम्ही नाही."

तिला पुन्हा दिवस गेलेले होते. ती बहिणीकडे निघून गेली ती कायमची.

मुलगा झाला. ओतारी सुट्टीला यायचा. ती त्याला बाहेरच्या नळावर आंघोळ करायला लावायची, तरी मूल त्याच्या मांडीवर द्यायची नाही. पुढे ओताऱ्याची मनगटं लुळी पडली, कपही धरवेना. तोवर खेळ देशोदेशी गेला होता आणि बाहुल्या प्लास्टिकच्या झाल्या होत्या.

मिसरूड फुटलेल्या मुलानं एकदा विचारलं, मित्र तो खेळ खेळतात, मी जाऊ का?

ती म्हणाली, "इथे बोलाव त्यांना. तोंडानं खेळा. बाहुल्या नकोत."

पोरं आली, संध्याकाळभर रंगली. खेळ मोडल्यावर तिनं मुलाला मोरीवर नेलं आणि साबण घेऊन त्याची बोटं एकेक करून घासू लागली. मित्र दारातून बघत होते. तो लाजेनं लाल झाला, हात ओढू लागला. तिनं सोडले नाहीत.