न वाजलेलं टिच्च

अमिरातीतल्या अल ऐनच्या त्या शूटिंग क्लबात खैरुद्दीनच्या कानाचा काय दबदबा! रायफलीचा एखादा स्क्रू सैल असला, तर हा माणूस दाराआडून ओळखतो म्हणे. सव्वीस वर्षं शस्त्रखोलीच्या चाव्या त्याच्याच कमरेला. पण खरं सांगायचं तर उजवा कान दोन वर्षांपूर्वीच ठार बहिरा झाला होता आणि डावा निम्माशिम्मा उरला होता. हे त्याने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की नोकरी खलास, पाठोपाठ व्हिसा, मग गाशा गुंडाळून रत्नागिरी. समोरच्याच्या ओठांकडे बघून बिचारा दिवस ढकलत होता. गावाहून मैमुनाबीचा फोन आला की बायकोला एकच उत्तर, "लाइन खराब आहे गं."

त्या सकाळी क्लबात पहिल्यांदाच सप्रेसर आले. रायफलीच्या तोंडाला लावायच्या, आवाज कमी करणाऱ्या नळ्या. नमुने दोन, घ्यायचा एक. पहिला आट्यांवर फिरवून घट्ट करायचा. दुसरा झटपटवाला, घालून फिरवला आणि टिच्च वाजलं की बसला.

"चाचा, आप बोलो कौनसा," मॅनेजर फहद म्हणाला. "कान तो आपका है."

खैरुद्दीनला नाही म्हणता येईना. त्याने दोन रायफलींवर दोन्ही नळ्या चढवल्या, फहदच्या हाती बाहेर चालवून बघायला दिल्या आणि टेबलाकडे तोंड करून उगाच फडकं फिरवत बसला. थोड्या वेळाने वळून बघतो तर फहद दारात उभा. तो काही विचारायच्या आत हा बोलून मोकळा झाला.

"दूसरा अच्छा है. एकदम मुलायम."

फहद जवळ येऊन सावकाश, मोठ्याने म्हणाला, "दूसरा मैंने चलाया ही नहीं, चाचा. कब से पुकार रहा हूँ, ये हिल रहा है."

खैरुद्दीनने रायफल हातात घेतली. नळी दुधाच्या दातासारखी हलत होती. टिच्च वाजलंच नव्हतं, हा वाजलं असं धरून चालला होता. गोळी सुटली असती तर नळीच्या आतच आपटली असती, आणि मागे फहदचं तोंड. पोर त्याच्या धाकट्याच्या वयाचं! या अल्ला, मी हे काय करून बसलो होतो, असं म्हणत त्याने ती नळी काढून बाजूला ठेवली.

"हबीबी, मेरे कान गये. दो साल हुए." त्याने चाव्या टेबलावर ठेवल्या. "आटेवाला लो. वो कसा कि नहीं, उँगली से भी समझ में आता है."

फहदने चाव्या उचलल्या. परत दिल्या नाहीत. "पहले डॉक्टर. बाकी बाद में, इन्शाल्ला," एवढंच म्हणाला.

बाहेर गाडीत बसून खैरुद्दीनने फोन लावला.

"मैमुना, लाइन चांगली आहे गं. माझेच कान गेलेत."

पलीकडे ती नेहमीसारखीच ओरडून म्हणाली, "ठाऊक आहे मला! दोन वर्षं घसा फोडून बोलतेय, ती काय हौस म्हणून?"